घर सोडून निघालेल्यांची पुस्तके : तुमचे अनुभव लिहा

ओसरी

शेजारच्या आठवीतल्या मुलीने परवा माझ्याकडे एक पुस्तक मागितले. त्यात कोणीतरी घर सोडून लांब गेलेले असावे, पण शेवटी त्याला किती शहाणपण आले हे लेखकाने सांगत बसू नये, अशी तिची अट होती. ती ऐकली आणि मला आमच्या गावच्या वाचनालयातले ग्रंथपाल आठवले, कारण तिच्याच वयाची असताना मी त्यांच्याकडे जवळजवळ हेच मागितले होते. त्यांनी काही न बोलता विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' पुढे सरकवले. वर खाकी कागदाचे आवरण, आतल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे तारखांचे शिक्के, आणि दोन शिक्क्यांमध्ये कधी कधी वर्षावर्षाचे अंतर.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक तिशीच्या आसपास असताना, 1857 साली, काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता होती. देश पाहावा, स्वतःला ओळखावे असा विचार त्याच्या मनाला शिवलेलाही दिसत नाही. वाटेत बंड पेटले, झाशीच्या वेढ्यात तो अडकला, शहर लुटले जात असताना जीव मुठीत धरून लपून राहिला, मिळवलेला पैसा गमावला. काही वर्षांनी घरी परतला तो गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. कर्ज फेडायला गेलेल्या मुलाने कावड आणली, याचे घरच्यांना नेमके काय वाटले असेल, हा प्रश्न मला त्या वयातही पडला होता आणि अजूनही पडतो.

तेव्हापासून माझे एक मत बनले आहे. आपल्याकडच्या पुस्तकांतला घर सोडणारा माणूस बहुधा घराच्याच कामासाठी निघतो, आणि तो किती मोठा झाला याचा हिशेब रस्त्यावर होत नाही, परतल्यावर उंबऱ्यात होतो. तुम्ही वाढत्या वयात अशी कोणती पुस्तके वाचली आणि ती तुम्हाला कोठे भिडली, ते कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ

उंबऱ्यातला हिशेब म्हटल्यावर मला थेट 'पाडस' आठवले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी फ्लोरिडाच्या रानातली, 1938 सालची, आणि राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की त्यातल्या ज्योडी या पोराचे घर मला आमच्या मळ्यापलीकडे असल्यासारखे वाटायचे. पाळलेले हरिणाचे पिल्लू मोठे होऊन घरचा मका खाऊ लागते, वर्षभराच्या अन्नाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या पोराला स्वतःच्या हाताने त्याला संपवावे लागते. त्यानंतर तो बापावर चिडून घरातून पळून जातो. बहुतेक वाचक हरिणासाठी रडतात. मीही रडलो, पण मला कायमचे लक्षात राहिले ते त्याच्या पुढचे प्रकरण. पोरगा होडीतून एकटाच वाहत जातो आणि त्याला पहिल्यांदा खरी भूक लागते, तेव्हा त्याला समजते की बाप ज्या भुकेला भीत होता ती हीच. मग तो परत येतो. आमच्या घरी दुष्काळाच्या वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली होती आणि मी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. हे पुस्तक मी त्यानंतर वाचले. याहून अधिक लिहीत नाही, शेतावर पाणी सुटायची वेळ झाली आहे.

निळी_छत्री

कृष्णाकाठ, तुम्ही 'याहून अधिक लिहीत नाही' म्हणून जेवढे लिहिले त्याने मला लोकलमध्ये रुमाल काढावा लागला. पाण्याची पाळी आटोपल्यावर परत या.

रेवातीर

मी निवृत्तीनंतर नर्मदेची परिक्रमा पायी केली, आणि तिचे बीज गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने कॉलेजात असताना पेरले होते. दांडेकरांनी स्वतः तेराव्या वर्षी घर सोडले, पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, आणि त्यांच्या 'स्मरणगाथे'ला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे पायी हिंडणाऱ्या माणसाची तहान, फुटलेल्या टाचा आणि सदावर्ताच्या शिध्यावर अवलंबून राहण्याची लाज हे सारे त्यांच्या लेखणीत ऐकीव वाटत नाही.

परिक्रमेचा नियम असा की नदी सतत उजव्या हाताला राहिली पाहिजे आणि ती कोठेही ओलांडायची नाही. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघालेला माणूस समुद्रापर्यंत जातो, मुखाशी नदी न ओलांडता समुद्रातून नावेने पलीकडे उतरतो आणि उत्तर तटाने अमरकंटकाकडे चालू लागतो. जुन्या पुस्तकांत शूलपाणीच्या झाडीचे वर्णन येते, जेथे परिक्रमावासीयांना अंगावरच्या वस्त्रापर्यंत लुटले जाई. त्या जुन्या वाटेचा बराच भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे पुस्तकातली वाट पुस्तकातच चालावी लागते.

मूळ धाग्याशी माझा थोडा मतभेद आहे. परिक्रमेला निघालेला माणूस घराच्या कामासाठी निघत नाही. तो जेथून निघतो तेथेच परत येतो, मध्ये काही मिळवायचे नसते, आणि तरीही रोज संध्याकाळी अनोळखी दारात उभे राहून शिधा मागताना आपल्या पदाचा, पगाराचा, आडनावाचा काहीही उपयोग नाही हे कळते. मी आयुष्यभर खात्यात साहेब होतो. पहिल्या दारात मला शब्दच फुटेना, तेव्हा त्या घरातल्या आजीनेच विचारले, "बाबाजी, आटा लोगे कि चावल?"

दुपारची_गाडी

रेवातीर काका, मग काय घेतले?

रेवातीर

आटा घेतला. पण भाकरी थापता येत नव्हती, म्हणून त्याच आजीने चूल पेटवून दिली आणि हसत हसत टिक्कड करून दाखवले.

तरवड

येथे मला जरा कडू बोलावे लागेल, आणि ओसरी यांनी ते मनावर घेऊ नये. घर सोडणे, चालत राहणे, वाटेत स्वतः सापडणे, हे सारे ज्यांना घर आहे त्यांचे सुख आहे. माझे आजोळ फलटणकडचे. कैकाड्यांची बिऱ्हाडे गावाबाहेर उतरायची, आजीसाठी कणगी विणून द्यायची आणि एके सकाळी दिसेनाशी व्हायची. लहानपणी मला त्यांचा हेवा वाटायचा, कारण त्यांच्यातल्या माझ्याएवढ्या पोरांना शाळा नव्हती आणि गाढवावर बसायला मिळायचे. पुढे अकरावीत असताना लक्ष्मण माने यांचे 'उपरा' वाचले आणि त्या हेव्याची मला शिसारी आली. 1980 साली आलेल्या या आत्मकथनात प्रवास पानोपानी आहे, पण तो कोणी निवडलेला नाही. त्यातल्या मुलाच्या वाढण्याची पहिली खूण म्हणजे एका जागी थांबणे, म्हणजे शाळा. बाप अडून बसतो की पोराने शिकलेच पाहिजे, आणि त्यासाठी जातीतल्यांचे आणि गावाचे बोलणे सोसतो.

म्हणून मला वाटते, प्रवासाच्या पुस्तकांच्या कपाटात एक कप्पा थांबण्याच्या पुस्तकांचा असावा, आणि त्यात पहिले पुस्तक हे असावे.

ओसरी

तरवड, मनावर घेण्यासारखेच लिहिले आहे आणि मी ते घेतले आहे. 'उपरा' मी पाठ्यपुस्तकाबाहेर कधी वाचले नव्हते. मागवते.

लिंबलोण

थांबण्याचा विषय निघाला आहे तर लक्ष्मीबाई टिळकांना विसरून चालणार नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला. त्यात घर सोडून जाणारे आहेत ते त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, आणि तेही पुन्हा पुन्हा, बहुतेक वेळा न सांगता. ही बाई कधी माहेरी, कधी नणंदेकडे, कधी कोणाच्या आश्रयाने राहते आणि नवरा कोठे आहे याची वाट पाहते. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तर तिच्या पायाखालची जमीनच सरकली. शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री पुढे पाच वर्षे स्वतःशी भांडत राहिली, सोवळेओवळे एकेक करून तपासत गेली, आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने त्या धर्मात गेली. नवऱ्याच्या मागून फरफटत गेली असती तर तो त्याचा प्रवास झाला असता.

मला हे पुस्तक सासूबाईंनी दिले, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. त्या म्हणाल्या, "साडी दरवर्षी घेऊच, हे आधी वाच." माझे यजमान तेव्हा जहाजावर नोकरीला होते आणि सहा सहा महिने घरी नसत. सासूबाईंनी हे पुस्तक नेमके का निवडले हे मी त्यांना कधी विचारले नाही, परंतु पुढच्या जूनमध्ये मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा शुल्काचे पैसे त्यांनीच काढून दिले.

एक तक्रार मात्र नोंदवते. घर सोडणाऱ्या पुरुषांची पुस्तके आपण आदराने सांगतो, आणि त्यांच्या मागे चूल कोणी पेटती ठेवली हे बहुधा त्या पुस्तकांत एका ओळीत संपते. विष्णुभटांच्या घरी मागे राहिलेल्यांनी ती वर्षे कशी काढली, हे कोणी लिहिले असते तर मी ते आधी वाचले असते.

चहाटपरी

एवढ्या गंभीर मंडळींत मी 'कोसला'चे नाव घेऊ का? 1963 साली आलेली ही कादंबरी मी वसतिगृहात वाचली आणि पुढचे वर्षभर आमच्या मजल्यावरची निम्मी मुले पांडुरंग सांगवीकरासारखी बोलत होती. सांगवीहून पुण्याला जायचे, बापाच्या पैशावर उद्योग करायचे, मेसचा कारभार अंगावर घेऊन तोट्यात जायचे आणि शेवटी गावी परतायचे, हा प्रवास आम्हाला अत्यंत उदात्त वाटला. माझ्या वडिलांना तसा वाटला नाही, त्यांनी मनिऑर्डर निम्मी केली. विनोद सोडला तर सांगायचे एवढेच की त्यातला पांडुरंगाच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग मी आजही सलग वाचू शकत नाही, कारण तेथे पांडुरंगाची सारी टिंगल गळून पडते आणि घरी वेळेवर नसलेला भाऊ तेवढा उरतो. आम्हीही घराबाहेरच होतो.

खडेबाजार

बेळगावकर म्हणून लंपनची हजेरी लावतो. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मध्ये मुलगा आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो, एवढाच काय तो प्रवास. पण लहान मुलाला आईपासूनचे अंतर मैलांत मोजता येत नाही, हे त्या पुस्तकाने जेवढे ओळखले आहे तेवढे मी अन्यत्र वाचलेले नाही. मीही आजीकडे वाढलो. आई सुटीत भेटायला आली की पहिल्या दिवशी तिच्याजवळ जायची लाज वाटायची आणि ती निघायच्या दिवशी पोट दुखायचे. आजी ओवा द्यायची. ओव्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही हे तिलाही ठाऊक असावे. लंपनच्या आजीचे बोलणे वाचताना मला प्रत्येक वेळी ओव्याचा वास येतो, मग पुढच्या पुस्तकांतून तो मोठा होत जातो आणि वडिलांच्या मृत्यूपर्यंत पोचतो. तो भाग मी दुसऱ्यांदा वाचायला घेतलेला नाही.

निळी_छत्री

तरवड, एक विचारायचे राहिले. कणगी नेमकी कशाची विणतात? आमच्याकडे फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना ती चित्रातही ठाऊक नाही, आणि 'उपरा' वाचताना ती विचारणार.

तरवड

धान्य साठवण्याची ती उंच टोपली. आमच्या भागात तुरीच्या काड्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणत आणि घरी नेल्यावर बायका आतून-बाहेरून शेणमातीने लिंपत, म्हणजे दाणे गळत नाहीत. फोक ओला असेपर्यंतच वाकतो, वाळला की मोडतो, म्हणून बिऱ्हाडे ओढ्याकाठी उतरत. मुलांना हे सांगाच, कारण त्या पुस्तकातल्या भटकंतीचे कारण यातच आहे. चांगली लिंपलेली कणगी वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे एका गावात गिऱ्हाईक फार दिवस पुरत नाही, आणि ते संपले की पुढचे गाव गाठावेच लागते, मग पोराचे नाव शाळेच्या पटावर नुकतेच चढलेले का असेना.