फरारबाईंची अहमदनगरची मुलींची शाळा आणि फुले दांपत्य

प्रश्न
नमस्कार. शाळेतील कार्यक्रमासाठी सावित्रीबाई फुले यांच्यावर टिपण लिहीत आहे. त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, एवढेच वाक्य बहुतेक ठिकाणी आढळते. या बाई कोण होत्या? आणि मिशनच्या शाळा आधीपासून होत्या, तर भिडे वाड्यातील शाळेला ‘पहिली’ म्हणणे योग्य आहे का?

प्रतिसाद १
सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. लग्न न करता धर्मप्रसारासाठी परदेशी जाणाऱ्या अगदी सुरुवातीच्या अमेरिकन स्त्रियांपैकी त्या एक होत्या. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या आणि अमेरिकन मिशनने १८२४ पासून सुरू केलेल्या मुलींच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. १८३९ मध्ये त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे आयुष्याची चौतीस वर्षे त्यांनी मराठी मुलुखातल्या मुलींना शिकवण्यात घालवली आणि तरीही आपल्याकडे त्यांच्या वाट्याला ते एकच वाक्य यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जोतीरावांनी मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासोबत फरारबाईंची नगरची मुलींची शाळा पाहिली होती. मुलींना तिथे ज्या रीतीने शिकवले जाई ते त्यांना फार आवडले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे या भेटीचा मोठा वाटा होता. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या मराठी नियतकालिकात १८५३ साली त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली आहे.

प्रतिसाद २
‘पहिली’ या शब्दाबद्दल. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, दिलेल्या निवेदनात हा फरक स्वच्छ मांडला आहे: पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, परंतु एतद्देशीयांनी, म्हणजे इथल्याच लोकांनी, चालवलेली एकही नव्हती, म्हणून आपण व आपल्या पत्नीने ती काढली. मुंबईत मार्गारेट विल्सन या स्कॉटिश मिशनरी बाईंनीही १८३२ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती. तेव्हा आपल्या टिपणात ‘एतद्देशीयांनी पुण्यात काढलेली मुलींची पहिली शाळा’ असे लिहावे. त्याने भिडे वाड्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. आपल्याच माणसांचा रोष पत्करून शाळा चालवणे ही निराळ्याच धैर्याची गोष्ट होती.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मिशनच्या शाळांत वाचन, लेखन आणि हिशेबाबरोबर बायबल व शिवणकामही असे. माझी आजी पुष्कळ नंतरच्या काळात अशाच एका शाळेत शिकली. तिने तिथे शिवलेला मांजरपाटाचा एक चौकोनी तुकडा आमच्याकडे आहे. त्यावर धावदोरा, हातटीप, काज अशा एकाखाली एक ओळी आहेत आणि कोपऱ्यात तिने स्वतःचे नाव लाल दोऱ्याने बाळबोध लिपीत भरले आहे. तिच्या आईला सही येत नव्हती, अंगठा उठवावा लागे.

धर्मप्रसार हा या शाळांचा उघड हेतू होता, हे टिपणात जरूर नोंदवावे. मात्र याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला, हेही त्याच परिच्छेदात यावे.