तीन निविदा आल्या तर ती स्पर्धा मानावी का?

प्रतापगंजकर:
नमस्कार मंडळी. वापी ते बडोदा या 237 किलोमीटरच्या बुलेट ट्रेन पॅकेजसाठी 2020 मध्ये तीनच निविदा आल्या आणि सुमारे 24,985 कोटी रुपयांच्या देकारावर काम लार्सन अँड टुब्रोला मिळाले. आमच्या गच्चीवरून आता याच मार्गाचे खांब दिसतात आणि दर वेळी वाटते, की हे काम पाच तुकड्यांत दिले असते, तर बोली लावणारे वाढून दर उतरले नसते का?

निवृत्त अभियंता, दांडिया बाजार:
उतरले असतेच असे नाही. या मार्गावरचा 40 मीटरचा एक बॉक्स गर्डर, म्हणजे खांबांवर बसणारी पोकळ काँक्रीटची तुळई, सुमारे 970 टनांचा असतो. तो यार्डात ओतून अखंड उचलावा लागतो. यार्डे तर ठिकठिकाणी लागतातच, पण गर्डर बसवणारी गँट्री आणि ती चालवणारी सरावलेली माणसे पुढेपुढे हलवता येतात. छोट्या तुकड्याचा ठेकेदार तो सगळा खर्च आपल्या दरातच घालील. भराव, गटारे, सेवारस्ते यांना मात्र हे कारण लागू पडत नाही. ती कामेही एकाच गाठोड्यात बांधली जातात, हे मला कधीच पटले नाही.

स्पर्धा किती होणार, हे बरेचसे पात्रतेच्या अटींत ठरते. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या सूचनेप्रमाणे मागील 7 वर्षांत अंदाजित खर्चाच्या 80 टक्के किमतीचे एक, 50 टक्क्यांची दोन किंवा 40 टक्क्यांची तीन समान कामे पूर्ण केलेली असावीत. म्हणजे 500 कोटींची निविदा काढली, की 200 कोटींची तीन कामे न केलेला, आणि त्याहून मोठे कामही हाती नसलेला, उंबरठ्याबाहेरच राहतो. जपानी कर्जावरच्या बुलेट ट्रेनला कर्जदात्याचे नियम लागतात, पण गणित फारसे वेगळे नाही.

टेंडर विभागातला, मांजलपूर:
काकांशी सहमत आहे, पण नुसत्या संख्येवरही विसंबू नये. ई-टेंडर येण्याआधी एका कचेरीत मी पेटी उघडताना हजर होतो. पाच लिफाफे निघाले. त्यांतल्या तीन अनामत ड्राफ्टांचे क्रमांक ओळीने एकापाठोपाठचे, शाखाही एकच. पाच निविदा आल्याची नोंद झाली आणि चहा आला! रेल्वेच्या पंख्यांच्या निविदांतली अशीच मिलीभगत भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2017 च्या आदेशात उघड केली. त्यात आधी येऊन कबुली देणाऱ्या कंपनीला दंडात 75 टक्के सूट मिळाली. स्पर्धा कायद्याच्या कलम 46 मुळे हे शक्य झाले.

खडी पुरवठादार, रावपुरा:
वर तीन निविदा येत असतील, पण खाली आमच्यात खरी झुंज चालते. मुख्य ठेकेदार दहा जणांकडून दर मागवतो, सगळ्यांत कमी दर दुसऱ्याला दाखवतो आणि आणखी खाली ये म्हणतो. एका मोठ्या कामावर, वरून बिलाचे पैसे आल्यावरच आमचे पैसे, या अटीवर मी सात महिने थांबलो. डंपरचे हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातच राहिले.

प्रतापगंजकर:
म्हणजे तुकडे पाडायचेच असतील, तर ते गर्डरचे नव्हे, भराव आणि गटारांचे पाडायला हवेत. काका, या कामांच्या वेगळ्या निविदा निघालेले एखादे उदाहरण आपल्या पाहण्यात आहे का?