'स्टार ट्रेक'चे सुरुवातीचे भाग चित्रीकरणाच्या क्रमाने पाहावेत की प्रक्षेपणाच्या?

मांडवीकाठ (पणजी)

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अवकाशयानाच्या सफरींची अमेरिकन मालिका लागायची, तेव्हा आम्ही शेजारच्या घरी जमिनीवर बसून ती पाहत असू आणि कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा, याचा विचारही मनात येत नसे. या जूनमध्ये पावसाने घराबाहेर पडणे अशक्य केले, तेव्हा मी पंधरा वर्षांच्या भाचीला सोबत घेऊन मालिका पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली. तिसऱ्या भागाच्या मध्यावर तिने विचारले, "मामा, तो आधीचा डॉक्टर कुठे गेला?"

प्रश्न अगदी रास्त होता. एनबीसी वाहिनीने ८ सप्टेंबर १९६६ रोजी सर्वप्रथम दाखवलेल्या 'द मॅन ट्रॅप'मध्ये यानाचा डॉक्टर मकॉय आहे. २२ सप्टेंबरला लागलेला तिसरा भाग, 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर', हा वस्तुतः वाहिनीची मंजुरी मिळवण्यासाठी आधीच काढलेला दुसरा नमुना भाग होता. त्यात पायपर नावाचा वयस्क डॉक्टर आहे, गणवेश निराळे आहेत आणि एरवी यान चालवणारा सुलू सुकाणूवर नसून वैज्ञानिक विभागात आहे. चौथ्या भागात मकॉय काहीही न घडल्यासारखा परत येतो.

त्याहून मोठे नुकसान स्पॉकचे, म्हणजे यानावरच्या भावना न दाखवणाऱ्या अर्ध्या परग्रहवासी शास्त्रज्ञ अधिकाऱ्याचे, होते. पहिल्या नमुना भागात, 'द केज'मध्ये, तो परग्रहावरची पाने हातात धरून मोकळेपणाने हसतो आणि दुसऱ्या नमुना भागातही तो आवाज चढवून हुकूम देतो. नंतर 'द कॉर्बोमाइट मनूव्हर'च्या वेळी, समोरच्या पडद्यावर प्रचंड परके यान उभे असताना, दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी स्पॉक साकारणाऱ्या लेनर्ड निमॉय यांना सुचवले की सगळे घाबरलेले असताना तू वेगळा राहा, शास्त्रज्ञाच्या अलिप्त कुतूहलाने बोल. त्यातून 'फॅसिनेटिंग' हा एक शब्द आला आणि निमॉय यांच्याच सांगण्याप्रमाणे तिथे त्यांना आपले पात्र गवसले. नमुना भागांनंतर सर्वांत आधी चित्रित झालेला हा भाग विशेष दृश्यांचे काम लांबल्यामुळे १० नोव्हेंबरला, दहाव्या क्रमांकावर लागला. एका नटाला आपले पात्र सापडल्याचा क्षण, ते पात्र प्रेक्षकांच्या ओळखीचे झाल्यानंतर, त्यांच्यापुढे आला. म्हणून माझे ठाम मत आहे की आज पुन्हा पाहायला बसणाऱ्याने चित्रीकरणाचाच क्रम धरावा.

रानातली वाट (साखळी)

मला हे पटत नाही. चित्रीकरणाचा क्रम हा निर्मात्यांच्या वहीतला हिशेब आहे. आपल्याकडे जत्रेच्या नाटकाची तालीम कोणत्या प्रवेशापासून सुरू झाली, हे देवळासमोर बसलेल्या प्रेक्षकाला कोणी सांगत नाही आणि त्याने ते विचारूही नये. १९६६ च्या प्रेक्षकाने जे ज्या क्रमाने पाहिले, त्यावरच या मालिकेचे प्रेम उभे राहिले. शिवाय आपण ज्या 'द केज'पासून आरंभ करायला सांगता, तो वाहिनीने नाकारला होता आणि पुढची दोन दशके तो सलग दाखवला गेला नाही. त्याचे तुकडे तेवढे नोव्हेंबर १९६६ मध्ये 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत वापरले गेले. ज्याने कोणाच्याही मनात मालिकेचे पहिले चित्र घडवले नाही, त्याला पहिले स्थान का द्यावे?

'द मॅन ट्रॅप'लाही न्याय मिळायला हवा. वाहिनीने तो प्रथम दाखवला कारण त्यात परका ग्रह आणि राक्षस दोन्ही होते, हे मान्य आहे. परंतु माणसाच्या शरीरातले मीठ शोषून घेणारा तो जीव आपल्या जातीतला शेवटचा आहे, आणि त्याला सांभाळणारा संशोधक त्याची तुलना अमेरिकेत नामशेष केल्या गेलेल्या प्रवासी पारव्याशी करतो. राक्षसाला मारताना प्रेक्षकाला दुःख व्हावे, ही मालिकेची वृत्ती पहिल्याच गुरुवारी दिसली. याहून चांगला आरंभ मला सुचत नाही.

जुई (म्हापसा)

आपण दोघेही क्रमाबद्दल बोलत आहात. मला आधी काय वगळावे याबद्दल बोलायचे आहे. माझ्या दोन मुली आहेत. 'मड्स विमेन'मध्ये खाणकामगारांना बायका म्हणून पोचवल्या जाणाऱ्या स्त्रिया सौंदर्याची गोळी घेतात, आणि सगळा भाग त्यांच्याकडे पाहण्यात जातो. 'द एनिमी विदिन'मध्ये यानाचा कप्तान कर्क याचे भला आणि दुष्ट असे दोन तुकडे होतात आणि त्यातला दुष्ट कर्क यानावरच्या रँड या तरुणीवर हल्ला करतो. इथपर्यंत मी समजू शकते. पण शेवटी स्पॉक तिलाच विचारतो की त्या तोतयात काही वेधक गुण होते, नाही का? ते वाक्य मी मुलींसमोर ऐकू शकले नाही, मी दूरचित्रवाणी बंद केली. रँडचे पात्र पहिल्याच हंगामात मालिकेतून काढून टाकले गेले, हेही मला विसरता येत नाही. आणि हे दोन्ही भाग चित्रीकरणाच्या क्रमाने 'कॉर्बोमाइट'च्या लगेच मागे येतात! आपला क्रम पाळला तर माझ्या मुली तिथेच उठून जातील, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

बाकडे (पेडणे)

एक लहानसा मुद्दा. २००६ पासून या भागांची संगणकावर नवी अवकाशदृश्ये घातलेली आवृत्ती निघाली आहे. कोणताही क्रम धरा, पण दृश्ये १९६६ चीच पाहा. आमच्याकडे दशावतारी काल्यात रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच रथ, तेच अरण्य, आणि संकासुर आला की लहान मुले अजूनही आईच्या कुशीत शिरतात. रंगवलेले खडक आणि पुठ्ठ्याच्या भिंती यांच्यासमोर ते नट ज्या निष्ठेने उभे राहतात, ती निष्ठा मागे चकचकीत चित्र लावल्यावर नीट दिसत नाही.

मांडवीकाठ (पणजी)

जुईताई, 'द एनिमी विदिन'मधल्या त्या वाक्याचे समर्थन मी करणार नाही आणि माझ्या भाचीलाही ते खटकले. तरीही आपल्याच मुद्द्यासाठी मी चित्रीकरणाचा क्रम सुचवतो. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या 'द केज'मध्ये यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री आहे, मेजल बॅरेट यांनी केलेली. ती थंड डोक्याची आहे, कप्तान नसताना यान तिच्या ताब्यात असते, आणि सगळ्या स्त्रिया पुरुषांसारख्याच विजारी घालतात. दुसऱ्या नमुना भागात ती नाही आणि तिचा भावनाशून्य स्वभाव स्पॉकला मिळालेला आहे. 'कॉर्बोमाइट'पासून विजारी जाऊन आखूड झगे येतात. 'द नेकेड टाइम'मध्ये त्याच मेजल बॅरेट परत येतात, त्या परिचारिका म्हणून. प्रक्षेपणाच्या क्रमात ही घसरण कळतच नाही, कारण तिथे आरंभापासून सगळे तसेच असते. साखळीच्या मित्रांना एवढेच सांगेन की तालीम वेगळी आणि पूर्ण झालेले नाटक वेगळे. इथला प्रत्येक भाग हा एकाच मंडळीने उभे केलेले पूर्ण नाटक आहे, आणि मंडळी कशी घडत गेली हे त्या नाटकांच्या क्रमातूनच कळते.

रानातली वाट (साखळी)

परिचारिकेचा मुद्दा मला ठाऊक होता, पण असा एका ओळीत मांडलेला मी पाहिला नव्हता. तो अभ्यासकासाठी मोलाचा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र मी अजूनही 'द मॅन ट्रॅप'च दाखवीन.

जुई (म्हापसा)

'द केज'मधल्या त्या अधिकारी स्त्रीबद्दल मी मुलींना जरूर सांगेन, परंतु तिथून सुरुवात करणार नाही. आधी तिला दाखवायचे आणि मग पुढच्या कुठल्याच भागात ती सापडत नाही, हे त्यांना पाहायला लावायचे, हे मला करवत नाही. मी 'बॅलन्स ऑफ टेरर'पासून सुरू करणार आहे, जो चित्रीकरणात नववा आणि प्रक्षेपणात चौदावा होता. त्यात शत्रू असलेल्या रोम्युलन लोकांचा चेहरा स्पॉकसारखा आहे एवढ्यावरून एक अधिकारी स्पॉकचा द्वेष करू लागतो, आणि कप्तान त्याला स्पष्ट बजावतो की असला द्वेष आपल्या खोलीतच ठेव, यानाच्या नियंत्रणकक्षात त्याला जागा नाही. पुढे तोच अधिकारी आपली जागा सोडून शस्त्रकक्षात जातो, तेव्हा कर्क संदेशवहन सांभाळणारी अधिकारी उहुरा हिला दिशादर्शकाच्या खुर्चीवर बसायला सांगतो. त्याबद्दल कोणी एक शब्दही बोलत नाही. ती उठते, जाऊन बसते आणि काम सुरू करते. रविवारी दुपारी मुलींना मी तेच दाखवणार आहे.