मदत हवी आहे : उंच शिडाला वर पीळ किती द्यावा?

पावणेदोन मीटर डोलकाठीची रिमोटवरची शिडाची होडी बनवली आहे. सोलापूरजवळ हिप्परगा तलावावर चालवतो. पाण्यालगत घर्षणामुळे वारा मंद, वर जोरात. त्यामुळे चालत्या होडीत शिडाच्या शेंड्याला वारा अधिक बाजूने लागतो, म्हणून शीड वर थोडं मोकळं सुटायला हवं (हाच पीळ), इथवर कळलं.

पण खालची आडवी दांडी ओढून बांधली की मागच्या कडेला वर बांधलेला, वाऱ्याचा प्रवाह दाखवणारा लोकरीचा धागा शिडामागे वळतो, होडी कलते. सैल सोडली की वरचा भाग फडफडतो. मधली जागा सापडतच नाही. डोलकाठी मागे झुकवूनही पाहिली.

कापड सुती पॉपलिन, एकसंध तुकडा, पट्ट्या जोडलेल्या नाहीत. पॉलिएस्टरचं शिडाचं कापड इथे मिळालं नाही. दोष पिळाचा, की ताणल्या जाणाऱ्या सुताचा? आणि नवं शीड शिवताना वरचं पोट (कापडाचा फुगवटा) खालच्यापेक्षा किती उथळ ठेवू?