‘ल्यू लँड’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: अमेरिकेतल्या जंगलांवरचा एक लेख मराठीत आणतोय, त्यात ‘ल्यू लँड’पाशी अडलोय. १८९७च्या कायद्याची भानगड अशी की राखीव जंगलात कुणाची जमीन किंवा दावा अडकला, तर त्याने तो सरकारला सोडायचा आणि बदल्यात तेवढ्याच क्षेत्राची दुसरी मोकळी सरकारी जमीन निवडायची. मी ‘पर्यायी जमीन’ लिहिलं. संपादकबाईंनी ‘मोबदला जमीन’ केलं.

कृष्णाकाठ: मोबदला म्हणजे पैसे. आणि ‘पर्यायी जमीन’ कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा. ती सरकार दाखवतं, आपण मुकाट घ्यायची. तुमच्या कायद्यात माणूस स्वतः निवडतोय. दोन्हींना एकच शब्द कसा?

अर्धविराम: माणूस कुठला, रेल्वे कंपनी! १८९९मध्ये माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा नॉर्दर्न पॅसिफिकने बर्फाखालची खडकाळ जमीन देऊन दुसरीकडे इमारती लाकडाची जंगलं उचलली. अशा घोटाळ्यांनी १९०५ साली १८९७ची ती तरतूदच रद्द झाली. सरळ ‘बदली जमीन’ लिहा.

पाटीपेन्सिल: ‘बदली’ने तलाठ्याची बदली आठवते हो.

दौत-टाक: ‘एवजी जमीन’. एवजी कामगार असतो तशी. ‘च्या ऐवजी’ रोज बोलतोच की आपण.

शुद्धमती: ऐवज म्हणजे दागदागिने. ‘चोरट्यांनी लाखाचा ऐवज लांबवला.’ आणि मुळात अरबी शब्द कशाला? ‘विनिमय-भूमी’ घ्या.

दौत-टाक: मुळात अर्थ बदल्याचाच, दागिने नंतर आले. विनिमय-भूमीत कोण नांगर धरणार?

कृष्णाकाठ: अरबी-फारसी काढलं तर महसूल खात्यात उरेल काय? जमीन, तहसील, सगळंच जाईल. जुन्या दप्तरात जमीन सोडणाऱ्याचा राजीनामा आणि घेणाऱ्याची कबुलायत असायची. पाटीपेन्सिल, तुमच्या लेखातल्या ‘सोडण्या’ला ‘राजीनामा’ बिनधास्त वापरा.

पाटीपेन्सिल: वाचक म्हणेल, शेतकऱ्याने नोकरी सोडली. बरं, ‘सेटलर’चं काय? १८६२च्या कायद्याने १६० एकरांवर पाच वर्षं राहून मालक होणारा तो. ‘वसाहतकार’ म्हटलं की इंग्रज डोळ्यांपुढे येतो.

अर्धविराम: येऊ दे की. ती जमीन आधी मूलनिवासींचीच होती.

शुद्धमती: राजीनामा नव्हे, त्यागपत्र.

दौत-टाक: संन्यास घेताय का?

वऱ्हाडी ठेचा: आमचे वडील ‘इस्तिफा’ म्हणायचे. अमरावतीत अजून कुणी म्हणतं का?