बटाट्याच्या शेतातील कीटकांची नोंद कशी घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. चोपडा तालुक्यात कपाशी काढून रब्बीत बटाटा लावला असून, फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी शेतात कोणकोणते कीटक व कोळी वावरतात याची नोंद ठेवायची आहे. पिवळ्या चिकट सापळ्यांवर मावा, तुडतुडे व पांढरी माशी दिसतात. मात्र जमिनीवर फिरणारे भक्षक भुंगेरे आणि कोळी त्यांवर क्वचितच सापडतात. त्यासाठी साबणाच्या पाण्याचे पेले मातीच्या पातळीत पुरतात, पण सरीतून पाणी दिले की ते बुडतात. वरंब्यावर पुरल्यास नोंद विश्वासार्ह राहील का, की हे ठिबकवरच जमते?

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. पाने खरवडून जाळीदार करणारा हड्डा भुंगेरा आणि मावा खाणारा ढालकिडा, दोघेही ठिपकेदार. पहिल्याचे पंख निस्तेज व लवयुक्त आणि अळी पिवळट काटेरी, तर दुसऱ्याचे पंख चकचकीत आणि अळी गडद, एवढे समजते, परंतु मजूर दोन्ही सरसकट चिरडतात (त्यांना दोष तरी कसा द्यावा?). अंडी तर दोघांचीही पिवळी आणि पुंजक्यात घातलेली असतात. ती पानावरच वेगळी ओळखता येतील अशी खात्रीची खूण कोणी सांगू शकेल का?