मुंबई ते लंडन विमानाला नक्की किती तास? तिकिटावरच्या वेळा जुळत नाहीयेत

सांगलीकर:
नमस्कार मंडळी, ताईच्या बाळंतपणाला आई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनला चाललीये, एकटी, विमानात पहिल्यांदाच बसणार, वय ६४. तिकीट डायरेक्ट आहे. जाताना मुंबईहून दुपारी १:१५ ला सुटून संध्याकाळी ६:३० ला लंडन, म्हणजे सव्वापाच तास, आणि डिसेंबरात येताना रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला मुंबई, म्हणजे साडेचौदा तास?? आईला शुगर आहे, गोळ्या आणि खाणं वेळेवर लागतं म्हणून खरा आकडा हवाय. अंतर किती तेही सांगा, ती रोज विचारते.

ठाणे_ते_ठाणे:
तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे आई उतरेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ वाजलेले असतील, १:१५ पासून मोजा, पावणेदहा तास. येताना मात्र साडेचार धरू नका हं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात, डिसेंबरात फरक साडेपाचचा. साडेचौदातून साडेपाच गेले, राहिले ९ तास. अंतर सरळ रेषेत साधारण ७,२०० किमी.

वाऱ्यावरची_वरात_नाही:
उरलेला पाऊण तास वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तो अजून वाढतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हापासून वळसाही पडतो, पण तो दिल्लीकरांना जास्त, मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून निघतात.

मावशी_कोल्हापूर:
बाळा, तासांपेक्षा उजेडाचं बघ. माझ्या सासूबाई अशाच दुपारच्या विमानाने गेल्या, सूर्याच्या मागे मागेच जातो आपण, दिवस मावळतच नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झाले तरी खिडकीबाहेर लख्ख ऊन, त्यांना वाटलं अजून दुपारच आहे, रात्रीची गोळी तशीच पर्समध्ये राहिली आणि उतरेपर्यंत हात थरथरायला लागले. म्हणून आईच्या हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेव, आणि गोळ्यांचं वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून लिहून घे. गोळ्या आणि चिठ्ठी हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नको. आणि पावणेदहावर थांबू नकोस, सांगलीहून मुंबईच सात-आठ तास, वर विमानतळावर तीन तास आधी जायचं, उतरल्यावर पासपोर्टची रांग. दशम्या, फुटाणे बरोबर दे, पण दशम्या विमानातच संपवायला सांग, दुधाचे पदार्थ तिकडे आत नेऊ देत नाहीत, पेढे-तूप तर नकोच. व्हीलचेअर आत्ताच फोन करून सांगून ठेव, चालता येत असलं तरी, लांबच लांब चालावं लागतं आणि माणूस शेवटपर्यंत बरोबर राहतो.

सांगलीकर:
मावशी, खूप खूप आभार, उजेडाचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये, व्हीलचेअरचंही सांगून झालं. आईला ७,२०० चा आकडा सांगितला तर म्हणाली, म्हणजे सांगली-मुंबई एकोणीस वेळा. आता एक शेवटचं, पायाला सूज येते तिच्या, मधल्या बाजूची सीट घेऊ का खिडकीची?

मावशी_कोल्हापूर:
मधल्या वाटेच्या कडेची घे. दर तासाला उठून चार पावलं टाकायला सांग, कुणाला उठवावं लागत नाही.